पालथ्या बरण्या

घरात तिला सगळे मेणबत्ती म्हणत. रसायनशास्त्र शिकून ती परत आली आणि वडिलांच्या छोट्या कारखान्यात मेण वितळवत बसली, तेव्हा थोरल्या भावाने हे नाव तिला चिकटवलं. आता तर बाबाही सहज हाक मारत, "मेणबत्ती, गॅस बंद कर गं."

कारखाना म्हणजे दोन खोल्या. एकीत शेंगदाणे भाजून दळायचे, दुसरीत तयार पीनट बटर काचेच्या बरण्यांत भरायचं. माल चोख, पण दुखणं जुनं होतं. चार दिवस गेले की तेल वर तरंगायचं आणि झाकणातून पाझरायचं. त्यावर बाबांचा एकच उपाय. बरणी भरली, झाकण आवळलं, की ती पालथी ठेवायची. म्हणजे तेल तळाकडे चढतं आणि गिऱ्हाइकाने बरणी सुलटी केली की पुन्हा मालात मुरत येतं. उपाय अर्धामुर्धाच होता, पण हाताला सवय पक्की जडली होती.

या खेपेला मात्र दुकानवाल्या मावशींनी निर्वाणीचं सांगितलं होतं. "तुमच्या बरण्यांचं तेल गिऱ्हाइकापेक्षा माझी फळीच जास्त पिते. पुन्हा असं झालं तर फळी दुसऱ्याला देईन." आणि ती फळी गेली असती, तर दळणयंत्र आठवड्यातले निम्मे दिवस थंडच राहिलं असतं.

म्हणून हे मेणाचं खटलं. सूर्यफुलाचं तेल साफ करताना निघणारं मेण तिने गरम तेलात विरघळवलं. तेल निवलं की मेणाचे बारीक स्फटिक पत्त्यांच्या बंगल्यासारखे एकमेकांना टेकून उभे राहतात आणि तेल त्यांच्या खोल्यांत अडकून पडतं. तेल थिजून त्याचं जेल झालं, पण ठिसूळ. सुरी लावली की चुरा. तांदळाच्या कोंड्याच्या मेणाचं मऊ झालं, पण कडेने घाम फुटल्यासारखं तेल सुटायचं. मग दोन्ही निम्मी निम्मी घालून पाहिली, तर जेलच झालं नाही. सगळं पातळ!

"एका ओट्यावर दोन सुगरणी," भाऊ म्हणाला. "उपाशी राहायची तयारी ठेव."

"तू गप्प बस. एकीने नुसती फोडणी द्यायची, असं करून बघते."

सूर्यफुलाचं मेण मुख्य आणि दुसरं अगदी चिमूटभर घातल्यावर गंमत झाली. स्फटिक बारीक पडले, जेल मऊही झालं आणि तेलही धरून बसलं. ते तिने बोटाने ब्रेडला लावलं आणि मेणाची चव लागते का, म्हणून डोळे मिटून खाल्लं. लागली नाही. दुसऱ्या दिवशी पीनट बटरच्या पूर्ण घाण्यात त्याच प्रमाणात दोन्ही मेणं घातली, गरम माल बरण्यांत भरला आणि ती भांडी धुवायला मागे गेली.

सकाळी बाबांनी बांधून ठेवलेली बरण्यांची खोकी घेऊन ती भावाबरोबर दुकानात गेली. मावशींनी पहिली बरणी फळीवर उभी केली, चष्मा सरसावला आणि म्हणाल्या, "अगं, ही बरणी तळातून कुणी खाल्ली?"

माल झाकणाला चिकटून वरपर्यंत गच्च, आणि तळाशी बोटभर पोकळी! दुसरी बरणी तशीच, तिसरीही तशीच. तिच्या लगेच लक्षात आलं. बाबांच्या हाताने सवयीने सगळ्या बरण्या पालथ्या घातल्या होत्या आणि माल तसाच गोठला होता.

"मेणबत्ती, एवढं करून पालथ्या घड्यावर पाणी," भाऊ कुजबुजला. मग मोठ्याने म्हणाला, "मावशी, सगळ्या परत नेतो."

तिचे कान तापले. पण ती पोकळीकडेच बघत राहिली. पोकळी कोरडी होती. तेलाचा एक थेंबही खाली उतरला नव्हता.

"थांब रे दादा. मावशी, एक बरणी इथेच गल्ल्याजवळ ठेवा, खाली कागद घाला. संध्याकाळी बघून सांगा."

"आणि माल बदाककन खाली आला तर?"

"तर फळी तुमची."

"ती माझीच आहे गं!" मावशी हसल्या, पण कागद घातला.

दिवसभर तिचं कशात लक्ष लागलं नाही. संध्याकाळी ती दोघं गेली, तेव्हा गल्ल्याजवळ गिऱ्हाइकं वाकून वाकून बरणी बघत होती. पोकळी होती तशीच. कागद कोराच.

"तेलाचं काय घेऊन बसलीस, इथे अख्खा माल वर लटकलाय!" मावशी म्हणाल्या. "दुपारपासून जो येतो तो विचारतो, पडत कसं नाही म्हणून. फळी ठेव तुझी. पण विकायच्या बरण्या सुलट्या भरून आणा बाई, लोकांना वाटेल मी मापात मारते."

घरी आल्यावर बाबांनी सगळं ऐकलं, स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि ओशाळं हसले. पुढचा घाणा भरताना त्यांनी झाकण आवळलं आणि बरणी अर्धी फिरवलीच.

"बाबा!"

"हो गं, हो. हात ऐकत नाही." त्यांनी ती सुलटी करून ठेवली. मग शेवटची बरणी उचलून तिच्याकडे बघितलं. "ही एक घालू का पालथी? मावशींच्या गल्ल्यावर ठेवायला?"

"घाला," ती म्हणाली आणि तिने भरलेल्या बरण्यांच्या ताटात त्या बरणीपुरती जागा केली.