उंच बुरूज

"त्या अर्धवट बुरुजावर मी नाही जायची," बुर्गी म्हणाली. "लिफ्ट असू दे नाहीतर पालखी. बांधता बांधता सोडून दिलेला बुरूज बघायला मी व्हिएन्नाला आले नाही."

"मग काय करायचं?" कासियानने विचारलं.

तिने मान मागे टाकून कॅथेड्रलच्या दुसऱ्या बुरुजाकडे पाहिलं. तो इतका उंच होता, की तेवढ्यानेच तिला धाप लागली. सुजलेले पाय पांघरुणाखाली होते. हॉटेलने दिलेल्या व्हीलचेअरचं एक चाक सकाळपासून कुरकुरत होतं. काल राजवाडा पाहिला तो बाहेरूनच, कारण आत फार चालावं लागतं असं कळलं. चित्रांच्या दालनात मात्र ती गेली आणि दुसऱ्याच खोलीत तिला झोप लागली.

"तू जा," ती म्हणाली. "वर जा आणि मला हात कर."

चौदाव्या वर्षी तिच्या वर्गाची सहल राजधानी बघायला निघाली, तेव्हा बुर्गीची आई बाळंत झाली आणि बुर्गी गोठ्यात राहिली. बाकीच्या मुली त्या बुरुजावर चढल्या, तिथून ओरडल्या, आणि पुढची कितीतरी वर्षं चर्चबाहेर भेटल्या की तेच सांगत राहिल्या. लग्नानंतर तिने दर हिवाळ्यात विषय काढला. कासियान म्हणायचा, "जाऊ की. पण गाईंचं कोण बघणार?" ते खोटं नव्हतं. तिरोलच्या डोंगरातल्या त्यांच्या उंच खेड्यात गाईंना सुट्टी नसते. या वसंतात त्याने गाई विकल्या. तोवर तिचं हृदय थकलं होतं. डॉक्टर म्हणाले, "जायचं असेल तर आत्ता जा."

चौकात घोडागाड्या उभ्या होत्या. एका गाडीवाल्या बाईने आपणहून सांगितलं, "जा तुम्ही. मी आहे इथे. आजींकडे बघते."

"मला काय बघायचंय? मी काही पळून जात नाही," बुर्गी म्हणाली. बाई हसली.

जिना दगडी, गोल आणि अरुंद होता. वरून कुणी आलं की भिंतीला चिकटून उभं राहावं लागे. सुरुवातीला कासियान नेटाने चढला. आयुष्यभर डोंगर चढलेला माणूस. पण डोंगरात वारा असतो आणि पुढे काय आहे ते दिसतं. इथे प्रत्येक वळणानंतर तेच वळण होतं. छातीत काहीतरी आवळलं. दोन्ही गुडघे पायरीवर टेकले. तो एका फटीएवढ्या खिडकीपाशी बसला. खिडकीतून फक्त समोरच्या घराचं छप्पर दिसत होतं. मागून येणाऱ्या एका परदेशी बाईने कुठल्याशा भाषेत काही विचारलं आणि पाण्याची बाटली पुढे केली. तो पाणी प्याला, उठला, अजून थोडं चढला. मग पायांनी साफ नकार दिला.

उतरताना तो मनात वाक्य जुळवत होता. 'जमलं नाही गं, बुर्गी.' एवढंच. ती म्हणेल, असू दे. ती नेहमी तेच म्हणत आली होती.

तो बाहेर उजेडात येतो न येतो तोच ती लांबून ओरडली, "दिसलास! मला दिसलास!"

तिचे गाल लाल झाले होते. ती गाडीवालीचा हात धरून हलवत होती. "मी म्हटलं ना तुला, हाच माझा नवरा! केवढ्या उंचावर होतास रे! रुमाल हलवत होतास!"

गाडीवालीने कासियानच्या चेहऱ्याकडे पाहिलं, त्याच्या गुडघ्यांना लागलेल्या धुळीकडे पाहिलं आणि ती आपल्या घोड्याचा लगाम नीट करू लागली.

वर कुणीतरी होतं तर. कुणीतरी खाली उभ्या असलेल्या आपल्या माणसाला रुमाल दाखवला होता.

"हो," कासियान म्हणाला.

"काय काय दिसलं?"

"छपरं. पुष्कळ. आणि नदी."

"डोंगर?"

"लांब... निळे निळे."

"आपले?"

"आपले कसे दिसतील, वेडे? पण त्याच बाजूला."

ती समाधानाने मागे टेकली. श्वास घेताना तिच्या छातीतून बारीक शिट्टी येत होती. "हात थरथरतायत तुझे."

"वर वारा होता."

"मग टोपी तरी ओढून घ्यायचीस कानावर. म्हातारा झालास तरी अक्कल नाही." चौकात कुठलासा जथा आपल्या वाटाड्याच्या उंच धरलेल्या छत्रीमागून चालला होता. मग तिने त्याची बाही ओढली.

"मी पण हात केला होता. दोन्ही हात. हिने मला आधार दिला, मी जराशी उभीच राहिले. दिसले का रे तुला?"

"दिसले," तो म्हणाला.

आणि व्हीलचेअरचा ब्रेक सोडायला तो खाली वाकला, आणि तिथेच, खाली मान घालून, बराच वेळ तो ब्रेक सोडवत राहिला.