ओळखीचं माणूस

सांगलीच्या त्या धर्मार्थ दवाखान्यात सकाळी बायकामुलांची झुंबड असे. राहीबाई नातवाचा कान ठणकतो म्हणून त्याला घेऊन आली होती. तिचे यजमान लालासाहेब हळदीचे व्यापारी, शिवाय दवाखान्याच्या पंचांपैकी एक. त्यामुळे तिला रांगेत थांबावं लागलं नाही. कानात औषध घालून घेऊन ती बाहेर पडली, तो फाटकापाशी गलका ऐकू आला.

फाळणीनंतर सिंधमधून आलेली काही कुटुंबं स्टेशनजवळच्या धर्मशाळेत राहत होती. पावसाळ्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, आवई उठली आणि पंचांनी ठरवून टाकलं, गावातल्या कुणी ओळख दिल्याशिवाय निर्वासिताला आत घ्यायचं नाही. हा ठराव मांडला होता लालासाहेबांनीच. जेवताना त्यांनी तो घरात सांगितला, तेव्हा भाकरी वाढता वाढता राहीबाईनेही मान डोलावली होती.

फाटकात पारपती उभी होती. दारोदार पापड विकणारी सिंधी बाई. राहीबाईच्या ओसरीवर ती कितीदा टेकली होती, तिच्या हातचा चहा प्याली होती. आज तिच्या खांद्यावर तिचा किशनू मान टाकून पडला होता. हगवणीने पोराचे डोळे खोल गेले होते.

राहीबाईला पाहताच पारपतीचा चेहरा उजळला. "बाई! आप बोलो ना इनको. मैं आपके घर आती हूँ."

कंपाउंडरने अदबीने विचारलं, "वहिनी, वळखता काय हिला?"

राहीबाईने नजर उचलली. रस्त्यापलीकडे टांग्यापाशी लालासाहेब इकडेच पाहत होते. पंचाच्या बायकोनेच ठराव मोडला म्हणून चारचौघांत त्यांची मान खाली जाईल, असं तिच्या मनात आलं. पटकीचं पोर, आपल्या कडेवर नातू, हेही आलं.

"न्हाई," ती म्हणाली.

पारपतीने पोराच्या तोंडावरून पदर सारखा केला आणि ती वळली. संध्याकाळ व्हायच्या आधीच किशनू दगावला.

ही बातमी राहीबाईला पाणक्याकडून कळली. तिने पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. लालासाहेब म्हणाले, "आगं, तू काय केलंस त्यात? देवाची मर्जी." त्या बोलण्याने तिला जास्तच मेल्यासारखं झालं.

तिसऱ्या दिवशी ती धर्मशाळेत गेली. पारपती एका कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. राहीबाई उंबऱ्याबाहेरच थांबली.

"पारपती, मी हाय गं. राहीबाई."

पारपतीने वर पाहिलं. "हां. मैं तो पहचानती हूँ."

तिच्या आवाजात राग नव्हता. राहीबाईला तिथे उभं राहवेना. पाया पडावं म्हणून ती आत जाऊन वाकली, पण पारपतीने पाय आखडून घेतले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी राहीबाई दवाखान्याच्या फाटकात जाऊन उभी राहिली. धर्मशाळेतला एक म्हातारा खोकत आला. "ह्यास्नी मी वळखते," ती म्हणाली. मागून एक गरोदर पोर आली. "हिलाबी."

कंपाउंडर गोंधळला. "वहिनी, आवं सगळ्यास्नी कसं वळखता?"

"सगळ्यास्नी वळखते. सोड आत."

कुणीतरी लालासाहेबांना टांग्यातून बोलावून आणलं. ते दबक्या आवाजात म्हणाले, "घराकडं चल. लोक बघत्यात. घरची अब्रू घालवतीस व्हय?"

"अब्रू गेली आवं, मी न्हाई म्हनले तवाच. तुमी हुता की तितं. तुमालाबी ठावं हुतं, पारपती आपल्या दारात येती म्हणून."

लालासाहेब टांग्यात न बसता पायी निघून गेले.

राहीबाई रोज येत राहिली. तिचं पाहून आणखी चार बायका येऊ लागल्या. अखेर पंचांनी तो ठराव मागे घेतला. बैठकीत पटकी ओसरल्याचं कारण सांगितलं गेलं. किशनूचं नाव कुणी काढलं नाही, लालासाहेबांनीही नाही.

पुढे हळदीकुंकवाला बायका जमल्या म्हणजे एखादी कौतुकाने म्हणे, राहीबाईंनी केवढं धाडस केलं! राहीबाई तिला तिथेच थांबवी.

"तेवढं बोलू नगा, बाई. पोर जित्तं हुतं तवा मला इचारलं हुतं, वळखता काय म्हणून."