बसलेला गबदू

"पुढे," समोर बसलेली तिघंही एकदम म्हणाली.

भिंतीवर एक काळी आकृती होती. डोळे नाहीत, रंग नाहीत, नुसती बाह्यरेषा काळ्याने भरलेली. त्या ऑफिसची ही पद्धतच होती. नवा प्राणी काढला की आधी त्याची सावली दाखवायची आणि तो लढाईत कुठे उभा राहील ते बघणाऱ्याने एका शब्दात सांगायचं.

"पुढे नाही रे, हा मागचा आहे," मावशी म्हणाली. "मागे राहून बाकीच्यांच्या जखमा भरतो."

तिघं एकमेकांकडे बघू लागली. मावशी म्हणजे तिथली सगळ्यात जुनी चित्रकार. पोरांनी तिला मावशी करून टाकलं तेव्हा तिची चाळिशीही उलटली नव्हती. ते आपण मुळीच मनाला लावून घेतलं नाही, असं ती अधूनमधून आपणहून सांगत असे.

चित्रविचित्र प्राणी पकडायचे, वाढवायचे आणि तिघातिघांच्या टोळ्या करून लढवायचे, असा तो मोबाइलवरचा खेळ. टोळीत एक मार खाणारा, एक मार देणारा, एक सावरणारा. खाणारा रुंद, देणारा टोकदार, सावरणारा नाजूक. हे धडे मावशीनेच या पोरांना दिले होते. आणि आता तिनेच दाराएवढ्या खांद्यांचा, पाय रोवून उभा असलेला सावरणारा काढून ठेवला होता. त्याचं नाव गबदू.

"चाचणीत काय झालं ते बघितलंत ना मावशी?" टीमचा प्रमुख म्हणाला. "ज्याला गबदू मिळाला त्याने तो पुढे उभा केला. दोन फटक्यांत खलास. लोक चिडतात मग. एवढा धिप्पाड दिसतो आणि जीव बघावा तर एवढासा."

"खाली लिहिलंय की तो मागचा आहे म्हणून."

"वाचतंय कोण? बारीक करा त्याला. नाहीतर जखमा भरणं काढून टाका आणि सरळ मार खाणारा करा. उद्यापर्यंत जमलं नाही तर वगळू."

"रुंद माणसं सावरत नाहीत का कुणाला?" मावशीचा आवाज जरा चढलाच.

"सावरत असतील," तो शांतपणे म्हणाला. "पण बघून कळत नाही ना ते."

मावशी धुसफुसतच घरी निघाली. गबदू वगळला जाणं तिला सोसवणारं नव्हतं, कारण तो तिने आपल्या ताईवरून काढला होता. हे अर्थातच कुणाला ठाऊक नव्हतं, ताईलासुद्धा.

घरी ती मावशी नव्हती, धाकटी होती. आई लवकर गेली. त्यानंतर धाकटीच्या वेण्या, तिची तापाची आजारपणं आणि आता अंथरुणाला खिळलेले बाबा, सगळं ताईनेच काढलं. ताई हाडापेराने मोठी. नातेवाइकांत कुणाला कपाट हलवायचं असलं तरी बोलावणं ताईला. मधला भाऊ दोन गल्ल्या पलीकडे राहायचा, पण बाबांना उचलायचं म्हटलं की तो म्हणायचा, "ताई आहे ना."

इमारतीची लिफ्ट बंद होती. जिन्याच्या वळणावर धाकटी थबकली. वरच्या खिडकीतून उजेड येत होता आणि त्याच्या आड कुणीतरी पायरीवर बसलं होतं. चेहरा दिसत नव्हता. कोपरं गुडघ्यांवर, मान खाली, शेजारी पाण्याचा मोठा जार. कोण बसलंय ते धाकटीला ओळखताच आलं नाही. ताईला अशी बसलेली तिने कधी पाहिलीच नव्हती.

"ताई?"

"काही नाही गं. जरा टेकले."

"धाप लागलीय तुला."

"लागते हल्ली. डॉक्टरांनी ओझं उचलू नका म्हणून सांगितलंय. हृदय कमजोर झालंय म्हणे."

"कधी सांगितलं? मला बोलली का नाहीस?"

"बोलले की. मागच्या महिन्यात. तू चित्र काढत होतीस."

"मग मी काय म्हणाले?"

"बरं म्हणालीस."

ताईच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती. धाकटीला रडू आलं. ते दिसू नये म्हणून तिने वाकून जार उचलला. घर येईपर्यंत तिला दोनदा थांबावं लागलं.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर पुन्हा काळी आकृती आली. खांदे तेवढेच रुंद होते. एक रेघही बारीक केलेली नव्हती. पण गबदू आता बसला होता, कोपरं गुडघ्यांवर आणि मान किंचित खाली.

"मागे," एकजण म्हणाली.

"का गं?" मावशीने विचारलं.

"बसलाय ना. बसलेल्याला पुढे कशी ढकलू?"

प्रमुखाने वगळायच्या यादीतून गबदूचं नाव खोडलं. "राहू दे हा," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी धाकटीने घरी येताच भावाला फोन लावला. "बाबांची चादर बदलायचीय. ये."

"ताई आहे ना?"

"ताई बसलीय."

"बसलीय?" पलीकडून एवढंच आलं. मग भाऊ आला. दोघांनी मिळून बाबांना कुशीवर वळवलं. हात कुठे घालायचा ते दोघांनाही नीट कळत नव्हतं. बाबा कण्हले तशी ताई खुर्चीतून अर्धी उठली.

"बस तू," धाकटी म्हणाली. "नुसतं सांग कसं धरायचं ते."

ताई सांगत गेली. मानेखाली हात घाल, आता हळूच ओढ, घाई नको. चादर कशीबशी बसली, एका बाजूला चुणी राहिली. ताईला ती चुणी दिसत होती. ती खुर्चीच्या कडेवर पाठ ताठ ठेवून, दुसऱ्याच्या घरी आल्यासारखी बसली होती. रिकाम्या हातांचं काय करावं ते तिला सुचत नव्हतं. शेवटी तिने ते गुडघ्यांवर ठेवले.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "उठू का आता?"

"नको," धाकटी म्हणाली आणि चुणी काढायला वाकली.