चोवीस नंबरची भिंत

माझ्यासारखा चुना दौंडात कुणी मारत नाही, कुणालाही विचारा. बासष्ट साली मी सरकारी चाळीचा मिस्त्री होतो, तेव्हा मला त्याचा भारी तोरा होता. त्या तोऱ्यानंच घात केला.

चाळीच्या टोकाला, चोवीस नंबरच्या खोलीत वजीर रखवालदार आणि त्याची बायको हुसेनबी राहायची. खोलीच्या मागं सगळ्या ओळीची सामाईक मोरी. तिचं गटार तुंबलेलं, त्यामुळं पाणी भिंतीच्या पायात मुरायचं आणि भिंतीला आतून तडा गेला होता. हुसेनबीनं एक युक्ती काढली. दर महिन्याला चांद दिसला की तडा जिथवर चढला असेल तिथं ती कोळशानं आडवी रेघ मारायची. सात महिन्यांत सात रेघा झाल्या, एकीच्या वर एक.

"मामा, सायब आले की ह्या रेघा तेवढ्या दावा," ती मला म्हणाली होती. साहेब वर्षातून एकदा पुण्याहून यायचे आणि डोळ्यांना दिसेल तेवढंच दुरुस्तीच्या यादीत घालायचे. दाखवतो म्हणून मी तिला शब्द दिला.

साहेब यायच्या दोन दिवस आधी सगळ्या चाळीला चुना मारायचा हुकूम आला. हुसेनबी बहिणीच्या बाळंतपणाला केडगावला गेली होती. वजीरनं दार उघडून दिलं आणि तो बाहेर जाऊन बसला. मी कुंचा घेऊन त्या रेघांपुढं उभा राहिलो. तेवीस खोल्या लख्ख आणि शेवटी ही काळी भिंत? लोक मलाच नावं ठेवतील. साहेबांना तोंडानं सांगू की, असं मनाशी म्हटलं, तडा बुजवला आणि वरून चुन्याचे दोन हात दिले.

साहेब आले. चोवीस नंबरात थांबून म्हणाले, अख्ख्या चाळीत ही भिंत झकास. माझं तोंड उघडलंच नाही. खोटं कशाला बोलू, मला सुख वाटलं.

हुसेनबी परत आली तेव्हा मी नजर चुकवत होतो. तिनं भिंतीवरून एकदा हात फिरवला. पुढच्या चांदाला तिनं कोळसा हातात घेतला नाही. साहेब आता वर्षानं येणार होते, रेघ मारायची कुणासाठी?

तीन महिन्यांनी भर दुपारी भिंत कोसळली. रात्रपाळी करून आलेला वजीर भिंतीच्या कडेलाच झोपला होता. त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून काढावा लागला. पाय गेला तशी नोकरी गेली, आणि खोली नोकरीवरची, म्हणून तीही गेली.

न्हावऱ्याला भावाकडं जायला त्यांनी बैलगाडीत सामान भरलं. मी हात लावायला गेलो तर वजीरनं तोंड फिरवलं. हुसेनबीनं किल्ली माझ्या हातात दिली. तिनं चार शिव्या घालाव्यात म्हणून मी वाट बघत उभा राहिलो.

"मामा, नवीन माणूस येईल त्याला सांगा," ती म्हणाली. "मोरीचं पानी अजून मुरतंय."

गाडी दिसेनाशी झाल्यावर मी फावडं उचललं. गटार उपसलं, उतार काढला, विटा बसवल्या. पाणी सरळ वाहायला लागलं. सगळं मिळून दीड दिवसाचं काम. त्याला ना साहेब लागले, ना यादी, ना कुणाचा हुकूम. रेघांचे सात महिने आणि वर तीन, मी रोज तेच गटार ओलांडून कामाला जात होतो.