चोपन्न किलोंचा मुंजाबा

चिकलठाण्याच्या रस्त्यावर पडलो, मांडीचं हाड मोडलं आणि संभाजीनगरच्या एका इस्पितळात दोन महिने उताणा होतो. तिथली खिचडी मी नेमाने परत पाठवायचो. असली खिचडी खाण्यापेक्षा उपास बरा.

शेजारच्या खाटेवर फुलंब्रीकडचा मेंढपाळ मुंजाबा होता, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आलेला. त्याच्या तक्त्यावर वजन चोपन्न. रोज सकाळी त्याच्या खाटेला पाटी लागायची, 'उपाशी ठेवा'. कधी भूल देणारे डॉक्टर रजेवर, कधी अपघाताची केस आली, कधी मशीन बिघडलं. ऑपरेशन रद्द झाल्याचं संध्याकाळी कळायचं, तोवर जेवणाची गाडी वॉर्डातून निघून गेलेली. मग मुंजाबा चहाबिस्किटावर झोपायचा. असे एकोणीस दिवस गेले. अहो, एकादशीसुद्धा महिन्यातून दोनदाच येते!

वॉर्डातला वजनकाटा दुरुस्तीला गेला होता. सिस्टर सरिता सगळ्यांच्या तक्त्यावर कालचाच आकडा आज उतरवायची. तिच्यावर तरी काय चिडणार, चाळीस खाटा आणि ती एकटी.

विसाव्या दिवशी मुंजाबाची बायको म्हाळसाबाई मेंढरं दिरावर सोपवून आली. बाजारात मेंढरू घेताना मणक्याजवळ मांस चाचपतात, तसा तिने नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"डाक्टरसाहेब, धा किलो उतरलाय ह्यो. असा कापला तर उठायचा नाय."

ऑपरेशन करणारे डॉक्टर विश्वजीत हसले. "मावशी, तक्ता बघा. चोपन्न आहे."

"मंग तक्ताच कापा की!"

तिने मुंजाबाला उचललं आणि थेट स्वयंपाकघरात नेऊन तांदळाची पोती तोलायच्या काट्यावर बसवलं. मागोमाग डॉक्टर. परतले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. काट्याने साडेचव्वेचाळीस दाखवले होते. मला इतका आनंद झाला, की पडल्यापडल्या टाळ्या पिटल्या.

ऑपरेशन पुन्हा पुढे गेलं, पण या वेळी खाऊ घालून. दूध, अंडी आणि म्हाळसाबाईची भाकरी. तीन आठवड्यांनी पाठ चाचपून ती म्हणाली, "न्या आता." डॉक्टरांनी मुकाट नेलं. मुंजाबा वाचला.

घरी निघताना ती माझा निरोप घ्यायला आली. मी ऐटीत म्हटलं, "वहिनी, आपलं बरंय बघा. एकसष्ट किलो. आल्यापासून ग्रॅमसुद्धा हललं नाही."

तिने माझ्या पाठीखाली हात घालून मणका चाचपला. तिचं हसू मावळलं. पिशवी खाली ठेवून तिने त्यातून भाकरी काढली.

"आधी ही खा, भाऊ. मी बसते हितं."