कोंडीबा आचाऱ्याची देग

मित्रांनो, वसमतला पत्र्याच्या एका खोलीत पडून असलेली मी एक जुनी तांब्याची देग आहे. तुमच्यापैकी एखादं लेकरू माझ्यात उभं राहिलं, तर बाहेर नुसतं त्याचं डोकं दिसेल. आता लग्नात गॅसच्या शेगड्या आणि हलकी पातेली येतात. माझ्यासारखी देग उचलायला चार माणसं लागतात आणि तेवढी माणसं आता कुणाकडे मोकळी नसतात.

नांदेडच्या एका तांबटाने ठोकून ठोकून मला आकार दिला. त्याच्या हातोडीच्या खुणा अजून माझ्या अंगावर आहेत. मला विकत घेतलं कोंडीबाने. मेंढरं राखणाऱ्या घरातला हा पोरगा नांदेडच्या खानावळीत स्वयंपाक शिकला होता. त्याने मला एसटीच्या टपावर बांधून वसमतला आणलं, तेव्हा स्टँडवरची माणसं मान वर करून बघत राहिली. मला वाटलं, आता रोज चुलीवर चढायचं!

पण काम येईना. लग्नाचा स्वयंपाक बिघडला तर घराची अब्रू जाते. तो नव्या माणसाच्या हाती कोण देणार? कोंडीबा बाजारभर हात जोडत फिरायचा. "लग्न असलं की मला सांगा बरं का! माझ्यासारखं वरण कुणाच्या हाताला न्हाई," म्हणायचा. लोक 'व्हय, व्हय' म्हणायचे आणि पुढच्या दुकानापर्यंत जाईतो विसरायचे.

त्याची बायको चतुराबाई मला चिंचेने घासत बसायची. एकदा घासता घासता ती म्हणाली, "तुमी साऱ्या बाजाराला सांगून राहिले. ज्याच्या घरी लग्नच न्हाई, त्याला सांगून काय फायदा?"

"मग कुणाला सांगू?"

"लग्न ठरलं की माणूस आधी मांडववाल्याकडं जातो. नामाजीभाऊला भेटा. अन् रिकाम्या हातानं जाऊ नका."

नामाजी बौद्ध वस्तीतला. भर उन्हात तो आणि त्याची माणसं खांब रोवायची आणि दुपारी कोरडी भाकर खायची. कोंडीबा गरम पिठलं घेऊन गेला. स्वतःविषयी अवाक्षर बोलला नाही. कोणत्या गावी मांडव आहे, घरधनी कसा आहे, कापड कुठून आणता, एवढंच विचारत बसला. मग पुन्हा गेला, आणि पुन्हा गेला.

एक दिवस नामाजीनेच विचारलं, "आचारी हायस म्हणं तू. मग काम काहून मागत न्हाईस?"

"तुमी माझ्या हातचं खाऊन राहिले. पटलं, तर तुमीच सांगाल."

त्या उन्हाळ्यात सिद्धेश्वर धरणाजवळच्या एका गावी सोजराबाईच्या मुलीचं लग्न होतं. नवऱ्याच्या मागे सगळं घर तिनेच चालवलं होतं. नामाजीचा मांडव उभा राहिला आणि ठरलेला आचारी आलाच नाही. सोजराबाई कपाळाला हात लावून बसली. तेव्हा नामाजी पुढे झाला. "माझ्या वळखीचा माणूस हाय. बिघडलं तर मला बोला," म्हणाला.

अशी मी पहिल्यांदा चुलीवर चढले. खाली चरात लाकडं पेटली, माझ्या पोटात तुरीची डाळ रटरटू लागली. तो आनंद मी अजून विसरले नाही.

दुसऱ्या दिवशी मी बैलगाडीत होते आणि कोंडीबा सोजराबाईच्या ओट्याशी उभा होता. "मावशी, काही चुकलं-माकलं?"

"वरण ब्येस झालतं. पण शेवटच्या पंगतीला भाजी खारट लागली बघ."

कोंडीबाने वाद घातला नाही. गाडी घरी न नेता सरळ नामाजीच्या दुकानासमोर उभी केली. "भाऊ, भाजी खारट झाली. तुमच्या शब्दाला माझ्यामुळं डाग लागला."

नामाजी हसला. "हेच मला दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर वाईट वाटलं असतं. चहा घे."

पुढे सोजराबाईनेच कोंडीबाला आपल्या माहेरच्या लग्नाला धाडलं. बँडवाला मोहनसिंगही कोंडीबा-नामाजीला येऊन मिळाला. एकाला काम लागलं की तो उरलेल्या दोघांची नावं सांगायचा. मात्र ज्याचं काम डोळ्यांनी पाहिलं नाही, त्याचं नाव कोंडीबा कधी घेत नसे. बहात्तरच्या दुष्काळात लग्नं थांबली, तरी तिघं एकमेकांच्या दारी जात राहिले. मग पाऊसपाणी बरं झालं आणि अडलेली लग्नं एकदम निघाली. माझी धग निवायलाही वेळ मिळेना!

अशातच अमृतरावांचा निरोप आला. मोठी शेती, मोठा गोतावळा आणि घरात लग्न. एका लग्नाहून परतताना कोंडीबाने गाडी त्यांच्या दारात थांबवली. अमृतरावांनी मला निरखून पाहिलं आणि म्हणाले, "स्वयंपाक तुझाच. पण मांडव दुसऱ्या कुणाचा बघ. नामाजी आमच्या दारात नको."

"काहून मालक? त्याचा मांडव कधी पडला का?"

"काहून ते तुला बराबर माहीत हाय."

माहीत होतंच. कोंडीबाने खांद्यावरचा टॉवेल झटकला. "त्याच्या शब्दावर माझी चूल पेटली, मालक. त्याचा मांडव न्हाई, तर माझी देगबी न्हाई."

गाडी वळली. त्या वर्षी अमृतरावांच्या नात्यातलं एकही गाव आमच्या वाट्याला आलं नाही. लग्नसराई तोंडावर असून मी कोपऱ्यात पडून राहिले. माझ्यात कोळ्यांनी जाळी केली. चतुराबाई हळद काढायला मजुरीने जाऊ लागली.

मोहनसिंगकडून नामाजीला सगळं कळलं. तो दारात येऊन उभा राहिला. एवढंच म्हणाला, "उद्या देग काढ. आमच्या वस्तीत लग्न हाय." तोवर वस्तीतल्या बायका-माणसंच मिळून लग्नाचा स्वयंपाक करायची. कोंडीबाचे भाऊबंद कुरकुरले, तरी तो गेला. वस्तीतल्या लोकांचे सोयरे हिंगोलीला होते, परभणीला होते. कुणी मास्तर, कुणी रेल्वेत. ते जेवून गेले आणि तिकडून बोलावणी येऊ लागली.

ते दशक सरता सरता कोंडीबाच्याच मुलीचं लग्न निघालं. मांडव नामाजीचा, बँड मोहनसिंगचा. पण मुलीचा बाप पाहुणे सोडून चुलीपाशी कसा थांबणार? चतुराबाईने लांब दांड्याचा पळा उचलला आणि नामाजीच्या हातात दिला. "भाऊ, आज देग तुमी सांभाळा."

नामाजीने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि वरण ढवळायला घेतलं. पत्रावळी मांडलेल्या होत्या, पण भाऊबंद उभेच. कुणी पागोटं सारखं करत होतं, कुणी जमिनीकडे बघत होतं. कोंडीबाचा चेहरा उतरला.

तेवढ्यात काठी टेकत सोजराबाई आली. आता पार थकली होती. ती पंगतीत सगळ्यांच्या आधी बसली, पत्रावळ पुढे ओढली आणि मोठ्याने म्हणाली, "वाढा की! वरण निवून राहिलं."

मग एकजण बसला, त्याच्या शेजारी दुसरा बसला, आणि बघता बघता पंगत मांडवाच्या टोकापर्यंत भरली. एक-दोघे गेले निघून. पण त्या दिवशी माझ्या तळाशी वरणाचा थेंब उरला नाही.

मित्रांनो, कोंडीबा आणि नामाजी आता नाहीत. तुमच्याकडे माझं मागणं फार नाही. कुणी तुम्हाला चांगला माणूस विचारला, तर ज्याचं काम पाहिलंय त्याचं नाव मोकळ्या मनाने घ्या. कुणी तुमचं नाव घेतलं, तर काय बरं झालं आणि काय बिघडलं, ते आधी त्याला जाऊन सांगा. आणि जमलं तर मला कल्हई करून घ्या. कल्हईवाला आता सहजासहजी सापडायचा नाही. पण विचारा तर खरं, कुणाच्या तरी ओळखीत असेल.