चहाचा डाग

परीक्षकबाईंनी गठ्ठ्यातलं शेवटचं कार्ड उचललं, आणि त्याच्या कोपऱ्यावरचा चहाचा डाग टकळीने लांबूनच ओळखला.

गुण बारा-बारा. हा प्रश्न टकळीचा. उत्तर दिलं तर भाषेच्या शाळेतली एकुलती एक जागा, वसतिगृहासकट, तिची. चुकलं तर प्रश्न शेजारच्या चष्मेवालीकडे, आणि चष्मेवाली म्हणजे चालताबोलता शब्दकोश.

“ब्लॉसम,” बाई म्हणाल्या. “अर्थ सांग, आणि हा इंग्रजी शब्द आला कुठून, तेही. तीस सेकंद.”

दोन वर्षांपूर्वी वर्गात हजेरी देतानाही जिचा आवाज फुटत नसे, ती आता बोलायला लागली की पुरे म्हणावं लागे. टोपणनाव काय उगाच पडलं नव्हतं. आत्ताही उत्तर जिभेच्या टोकावर नाचत होतं.

तिने पहिल्या रांगेकडे पाहिलं. आई मांडीवरच्या पर्सचा पट्टा बोटांना गुंडाळत बसली होती. शेजारी स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेचे सचिव; आई त्यांच्याच कचेरीत कामाला. स्पर्धेचे सगळे प्रश्न आईनेच घरी बसून टाइप केले होते. “मुलगी स्पर्धेत आहे, तरी तुमच्यावर डोळे झाकून विश्वास टाकतोय,” असं सचिव म्हणाले होते, आणि त्याच दिवसापासून कार्डांचा डबा कपाटात, कपाटाची किल्ली आईच्या गळ्यात.

मागच्या रविवारी सकाळी मात्र एक कार्ड टेबलावर होतं. टकळीच्याच कपाला टेकवलेलं, उत्तरासकट. आई गच्चीवर कपडे वाळत घालत होती. वाचून झाल्यावर टकळीने ते घाईघाईने पालथं केलं, आणि चहा हिंदकळला. आईचा वेंधळेपणा, दुसरं काय, असं तिने स्वतःला समजावलं. मिठाच्या बरणीचं झाकणही दोनदा तपासणाऱ्या आईचा वेंधळेपणा! पण शब्द काही डोक्यातून जाईना. मग दोन दुपारी ती वाचनालयातल्या जाडजूड कोशात नाक खुपसून बसली.

“पंधरा सेकंद.”

चष्मेवाली खुर्चीच्या कडेवर सरकली, दुधावर टपलेल्या मांजरासारखी.

बोललं की जागा आपली. आणि उद्या कोणी विचारलं, हा डाग कुणाच्या घरच्या चहाचा, तर? आईची नोकरी तर जाईलच, वर पुन्हा या सचिवांसमोर तिला मान वर करता येणार नाही.

“काय गं, आज टकळीला कुलूप?” मागून कोणीतरी टोमणा मारला. हशा पिकला. आई हसली नाही. ती लेकीकडे एकटक बघत होती, ओठ किंचित हलवत.

“पाच.”

“येत नाही,” टकळी म्हणाली. एवढं छोटं उत्तर तिने वर्षभरात कुणाला दिलं नव्हतं.

चष्मेवालीने उत्तर दिलं. टाळ्या पडल्या. टकळीने सगळ्यांत जोरात वाजवल्या, हात लाल होईपर्यंत.

बाहेर पायऱ्यांवरून आई तरातरा उतरत होती.

“गप्प का बसलीस?”

“आठवलं नाही.”

“मला नको शिकवूस. येत होतं तुला.”

“तुला गं काय माहीत?”

आई जागच्या जागी थांबली. पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. आतून काहीच काढलं नाही.

टकळी दोन पायऱ्या वरच राहिली. कपाला टेकवलेलं ते कार्ड तिच्या डोळ्यांपुढे आलं. अगदी सरळ उभं, बसल्या जागेवरून वाचता येईल असं.

“ब्लॉसम,” ती सावकाश म्हणाली. “मोहोर. कुठलंही फूल नाही, फळ धरणाऱ्या झाडाचं फूल. जुन्या इंग्रजीतला शब्द, ब्लोस्तमा. ब्लूम त्याचा जवळचा भाऊ, पण तो उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांच्या भाषेतून आला. फ्लॉवर लांबचा चुलतभाऊ. तो लॅटिनच्या घरी जन्मला, फ्रेंचांकडे वाढला, मग इंग्रजीत आला. पण तिघांचं मूळ एकच, फार फार जुनं. फुलणं, बहरणं.”

आईने मान वर केली नाही.

“एवढं,” ती म्हणाली, “एवढं कार्डावर नव्हतं.”

“नव्हतंच,” टकळी म्हणाली. दोन पायऱ्या उतरून तिने आईच्या हातातली पर्स घेतली आणि तिची चेन लावली.